कोंबड्यांचा खाऊ: पाकिटातला, मंडईतला आणि घरातला

परसात चार-पाच कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी ऑनलाइन दुकानांत आता खाऊची पाकिटे मिळू लागली आहेत. कुठे वाळवलेल्या अळ्या, कुठे सूर्यफूल, मका आणि सुक्या फळांचे मिश्रण, कुठे नुसत्याच ‘पौष्टिक’ नावाच्या कुरकुरीत गोळ्या. इकडे सोलापुरात लक्ष्मी मंडई किंवा कस्तुरबा मंडईत बाजार उठायच्या वेळी तडा गेलेली डाळिंबे, मऊ पडलेले पेरू आणि कापून उरलेली कलिंगडे पडेल त्या भावात सुटतात. या दोन्हींतले काय घ्यावे, किती घालावे आणि काय दारातही आणू नये, याचे हे परीक्षण. निकाल आधीच सांगून टाकू: अळ्यांचे पाकीट वर्षातून फार तर एकदा, दाण्यांचे मिश्रण कधीच नाही, मंडईतला माल बारा महिने. डाळिंब आणि सीताफळाला मात्र अटी आहेत.

पाकीट फोडण्याआधी हिशोब. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. लेयर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार दळलेल्या खाद्यात, १६ ते १८ टक्के प्रथिने आणि ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते. एका अंड्याच्या कवचात कॅल्शियम सुमारे २ ग्रॅम जाते आणि खाल्लेले सगळेच अंगी लागत नाही, म्हणून मॅशमध्ये ते इतके ठेवलेले असते. आता कोणी कौतुकाने ३० ग्रॅम ज्वारी टाकली आणि कोंबडीने तेवढा मॅश कमी खाल्ला, तर त्या दिवसाचे एक ग्रॅमहून जास्त कॅल्शियम आणि जवळपास दोन ग्रॅम प्रथिने गेली. कॅल्शियमचा चौथा हिस्सा गेला, ज्वारीने त्यातले काहीच भरून दिले नाही. आठवडाभर हे चालले की कवच पातळ होते, मग खुराड्यात अंडे फुटते, मग कोंबड्यांना फुटलेले अंडे खायची चटक लागते, आणि ती चटक सहजासहजी सुटत नाही. ‘फळे घालूनही अंडी का बिघडली’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते.

म्हणून खाऊ एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांत बसवायचा, म्हणजे कोंबडीमागे १० ते ११ ग्रॅम. हा आकडा कोरड्या वजनाचा आहे, इथे पुष्कळ जण फसतात. कलिंगडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असते, ५० ग्रॅम कलिंगड म्हणजे कोरडे ४-५ ग्रॅमच. केळ्यात पाणी पाऊण भाग, म्हणून २० ग्रॅम केळे झाले की तेवढाच आकडा गाठला. बेदाण्यात पाणी अगदी थोडे, तिथे पाच-सहा दाण्यांत हात आखडता घ्यावा. फळातून कोरडे ५ ग्रॅम आणि उरलेले पाल्यातून किंवा प्रथिनांच्या खाऊतून, अशी वाटणी सोयीची पडते.

आता पाकिटे. वाळवलेल्या अळ्या दोन जातींच्या मिळतात. मीलवर्म म्हणजे भुंग्याची पिवळसर, गोल, गुळगुळीत अळी, आणि काळ्या सोल्जर माशीची चपटी, करडी, जाड कातडीची अळी. पाकिटावर चित्र कोंबडीचे असते, अळीची जात मागच्या बाजूला बारीक अक्षरात, ती वाचून घ्यावी. मीलवर्ममध्ये प्रथिने पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि चरबीही भरपूर, पण कॅल्शियम नगण्य. सोल्जर माशीच्या अळीत प्रथिने थोडी कमी, कॅल्शियम मात्र चांगले. अंड्यावरच्या कोंबडीला घ्यायचीच तर दुसरी घ्यावी. मात्रा कोंबडीमागे २-३ ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, आठवड्यातून दोन-तीनदा. यांचा खरा उपयोग पिसे गळण्याच्या काळात. पीस हे जवळजवळ सगळेच्या सगळे प्रथिन असते, आणि त्या काळात कोंबडीला ते कुठून तरी हवेच असते. एरवी कोंबड्या त्यावर तुटून पडतात म्हणून ते चांगले, असे समजू नये. त्या थर्माकोलवरही तुटून पडतात.

शिवाय शंभर ग्रॅम अळ्यांच्या पैशात लेयर मॅश काही किलो येतो. आणि हेच काम सुक्या मासळीच्या दुकानातला जवळा करतो. बारीक, न खारवलेला जवळा घ्यावा. घरी आणल्यावर दोन पाण्यांतून काढावा म्हणजे रेती आणि असेल तेवढे मीठ निघून जाते, मग उन्हात कडक वाळवून हाताने चुरावा. मात्रा तीच, २-३ ग्रॅम. कवचामुळे थोडे कॅल्शियमही मिळते. दोष एकच: रोज आणि सढळ घातला तर अंड्याला मासळीचा वास येतो, आणि मग घरात अंडी कोणी खात नाही. खारवलेली सुकट किंवा बोंबील मात्र नको. कोंबडीला मिठाचा जोर झेपत नाही, त्यात उन्हाळ्यात पाण्याचे भांडे दुपारी कोरडे पडले तर धोका दुप्पट.

दाण्यांच्या मिश्रणाबद्दल फार लिहायला नको. फोडलेला मका, ज्वारी, बाजरी, थोडे सूर्यफूल, रंगाला वाळलेल्या पपईचे तुकडे. हे सगळे सोलापुरात किराणा दुकानात सुटे मिळते, आणि इथली ज्वारी तर पाकिटातल्या ज्वारीपेक्षा कितीतरी बरी. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती पांढरी, टपोरी ज्वारी टॅनिन कमी असल्याने कोंबडीला पचायलाही सोपी. लाल-तपकिरी ज्वारीत टॅनिन जास्त, ते प्रथिने बांधून ठेवते, म्हणून ती टाळावी. संध्याकाळी झाकायच्या आधी कोंबडीमागे चहाचा एक चमचा ज्वारी पुरे. पाकिटातला फोडलेला मका आणखी एका कारणासाठी नको: फुटलेल्या दाण्याला पावसाळी हवेत बुरशी लवकर धरते, आणि बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृत खाते. निळसर-हिरवी पूड किंवा कुबट वास आला की अख्खे पाकीट उकिरड्यावर नाही, थेट जमिनीत पुरावे. उकिरडा कोंबड्या उकरतातच.

मंडईत शिरल्यावर पहिला मान डाळिंबाचा. सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि भगवा या जातीचा हंगाम आला की तडा गेलेली फळे हातगाड्यांच्या खाली ढिगाने पडलेली दिसतात. खाऊ म्हणून भगवा उत्तम आहे: दाणा चोचीच्या मापाचा, रसाळ, आतले बी मऊ, चिकटत नाही, सांडला तरी कोंबड्या वेचून घेतात. पाच कोंबड्यांना मध्यम फळाचे निम्मे दाणे, म्हणजे प्रत्येकी साधारण १५ ग्रॅम.

अडचण सालीची आहे. डाळिंबावर तेल्या येतो, म्हणजे जिवाणूजन्य करपा, आणि त्यासाठी बागेत बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराईड अशा तांब्याच्या औषधांच्या फवारण्या होतात. देठाजवळच्या खळग्यात आणि मुकुटाच्या पाकळ्यांत निळसर-पांढरा थर दिसतो, तो फवाऱ्याचा. अख्खे फळ दोन भाग करून खुराड्यात टाकण्याची पद्धत सगळीकडे आहे, ती इथे चालवू नये. कोंबड्या दाणे संपले की सालीला टोचतात. शिवाय साल टॅनिनने कडू असते, त्यातून मिळणार काहीच नाही. फळ कापण्याआधी धुवावे, कापल्यानंतर नव्हे, कारण सुरी सालीवरून आत जाताना थर दाण्यांवर नेते. ब्रशने मुकुटात घासून दोन पाण्यांत धुतले की पुरते. मग दाणे सोडवून ताटलीत.

दुसरी अडचण बाहेरून दिसत नाही. काही फळे वरून धड असतात, रंगही चांगला, पण हातात घेतली तर मापाच्या मानाने हलकी लागतात. फोडली की मधले दाणे काळे-तपकिरी, कोरडी भुकटी उडणारे. ही आतली बुरशी आहे. चांगले दाणे वेगळे काढून घालू नयेत, ती भुकटी सगळ्यांवर बसलेली असते. तडा गेलेल्या फळातही हेच बघावे: तडा ताजा, दाणे चकचकीत तर चालेल, तड्याच्या कडा तपकिरी आणि वास आंबूस तर सोडून द्यावे. मोफत मिळाले म्हणून घेऊ नये. विक्रेते बहुधा एखादे फळ फोडून दाखवतात, तेवढा वेळ द्यावा.

आणि एक गैरसमज. डाळिंबाच्या लाल रंगाने बलक गडद होत नाही. तो लाल रंग पाण्यात विरघळणाऱ्या अँथोसायनिनचा, तो बलकापर्यंत पोचत नाही. बलकाला रंग देतात झँथोफिल, आणि ती असतात शेवग्याच्या पाल्यात, लसूणघासात, पिवळ्या मक्यात, झेंडूच्या पाकळ्यांत. पाला सुरू केल्यावर फरक दिसायला आठ-दहा दिवस लागतात, कारण बलक तेवढ्याच दिवसांत भरत येतो. दसऱ्याच्या तोरणातले झेंडू वाळले की कोंबड्यांना टाकण्याचा मोह होतो. बाजारातली फुले फवारलेली असतात, घरच्या कुंडीतले झेंडू तेवढे घालावेत.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा मात्र सगळ्या फळांत कलिंगडाचा नंबर पहिला. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्याचाच परिणाम म्हणून कवचाला लागणारा चुना जमत नाही. उन्हाळी अंड्याचे कवच पातळ असते ते या कारणाने. दाणे पचवताना अंगात आणखी उष्णता होते, म्हणून सकाळी साडेदहा-अकरानंतर मॅश उचलून ठेवावा आणि उन्हे उतरल्यावर पुन्हा मांडावा. मधल्या वेळेत, बारा-एकच्या सुमारास, कलिंगड. कापलेल्या फोडी फ्रीझरमध्ये तीन-चार तास ठेवून, बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटांनी, सावलीत. अगदी दगड झालेली फोड टोचता येत नाही, आणि कोंबड्या नुसत्याच चोच आपटत बसतात. कोंबडीमागे ४० ते ५० ग्रॅम, बियांसकट. पांढरा गर संपवून हिरव्या कातडीचा कागद होईपर्यंत त्या पोखरतात, ती कातडी मागे राहिली की उचलावी. अर्ध्या तासाने जे उरेल ते काढलेच पाहिजे. चाळिशीच्या उन्हात कलिंगड दोन-तीन तासांत आंबते, माशा येतात, मुंग्या येतात, रात्री उंदीर.

कलिंगड पाण्याला पर्याय नाही, हेही ध्यानात ठेवावे. माठातल्या पाण्याचे भांडे सावलीत असायलाच हवे. आणि या दिवसांत शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवावा, मॅशमध्ये मिसळू नये. लागेल तशी कोंबडी तो स्वतः घेते. काकडीही उन्हाळ्यात चांगली, साखर नगण्य, लांबीत चिरून ठेवली की बी आधी खातात.

पेरू पावसाळ्यात घ्यावा आणि किडका घ्यावा. फळमाशीच्या अळ्या पडलेला पेरू माणसांच्या कामाचा नाही म्हणून विक्रेता आनंदाने देतो, कोंबडीला मात्र गर आणि अळी दोन्ही चालतात. त्या आधी अळ्याच शोधतात. चिरून द्यावा, सडलेला भाग तेवढा काढावा. किडका आणि सडका यात फरक आहे.

करमाळ्याकडची केळी वर्षभर असतात. पिकून काळे ठिपके आलेले केळे, सालीशिवाय, बोटभर जाडीच्या चकत्या. चोचीला चिकटते, मग कोंबड्या ती जमिनीला पुसतात आणि माती खातात, म्हणून ताटली पालापाचोळ्यावर नाही, फरशीवर ठेवावी. ड्रॅगन फ्रूटचा लाल गर घातला तर दुसऱ्या दिवशी विष्ठा लालभडक पडते आणि घरात घबराट उडते. बीट आणि जांभळाचेही असेच. रक्ती हगवणीत कोंबडी पंख पाडून, पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, विष्ठेत रक्ताच्या गुठळ्या असतात, आणि खाऊ बंद केला तरी रंग जात नाही. कोंबडी चपळ असेल तर एक दिवस थांबून बघावे. नसेल तर थांबू नये, जनावरांचा डॉक्टर गाठावा.

बोर थंडीत, बाठा काढून. द्राक्षे अर्धी कापून, कोंबडीमागे दोन, पिल्लांना नाहीच. पंढरपूर भागातला बेदाणा सोनेरी दिसतो तो बऱ्याचदा गंधकाच्या धुरीमुळे. त्यात साखर इतकी की सढळ घातला तर गळ्याखालच्या पिशवीत आंबण होते. तपासणी सोपी आहे: पहाटे, काही खाण्याआधी, छातीच्या वर हात लावावा. रात्री भरलेली पिशवी सकाळी रिकामी असायला हवी. ती फुगलेली, पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि चोचीला आंबूस वास आला, तर खाऊ बंद आणि डॉक्टर. उलटे धरून पिशवी रिकामी करण्याचा उपाय लोक सांगतात, तो करू नये, द्रव श्वासनळीत जाऊन कोंबडी हातातच मरू शकते.

सीताफळाचा गर कोंबड्या आवडीने खातात, पण बी एकही जाता कामा नये. गावाकडे त्याच बियांची पूड डोक्यातल्या उवा मारायला वापरतात आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, यावरून काय ते समजावे. अख्खी बी बाहेर पडते म्हणणारे असतात. कोंबडीचे जठर खड्यांनी दाणे दळते, बीही दळू शकते. इतकी फळे असताना ही जोखीम कशाला? चिकू बिया काढून आणि पूर्ण पिकलाच तर, कच्च्याचा चीक नको. आंब्याची कोय चोखायला दिली तर तासभर करमणूक होते, सालीचा चीक धुऊन घ्यावा. पपई चालते, पण तिच्या बियांनी जंत पडतात यावर विसंबून जंताचे औषध टाळू नये. संत्री-मोसंबी बहुतेक कोंबड्या तोंड लावून सोडतात. हल्ली मोठ्या दुकानांत दिसणारे अॅव्होकॅडो मात्र साल-बीसकट विषारी, ते नकोच.

पाल्यात शेवगा सगळ्यात वरचा. प्रथिने, कॅल्शियम आणि बलकाचा रंग, तिन्ही एकाच डहाळीत. कोवळी फांदी कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर सुतळीने टांगावी: पाला खाली मळत नाही आणि उड्या मारण्यात वेळ गेल्याने एकमेकींची पिसे उपटणे कमी होते. लसूणघासाची पेंडी चाऱ्याच्या दुकानात मिळते, ती दोन इंचांचे तुकडे करूनच द्यावी. लांब धागे पिशवीत गुंता करून अडकतात, आणि हे प्रकरण आंबणीपेक्षा अवघड. पाला किंवा अख्खे दाणे घालायचे आणि कोंबड्या सिमेंटच्या अंगणात असतील, तर काळ्या दगडाची बारीक कच वाटीत ठेवावी, दाणे गव्हाएवढे. मोकळ्या मातीत फिरणाऱ्या कोंबड्या आपापले खडे शोधतात.

घरातल्या उरलेल्या अन्नात सोलापूरकरांच्या हाताशी एक चीज आहे जी कोणत्याही पाकिटापेक्षा चांगली: कडक भाकरी. ओलावा नसल्याने बुरशी धरत नाही, डब्यात आठवडेच्या आठवडे राहते, आणि पाच कोंबड्यांना मूठभर चुरा दहा मिनिटे पाण्यात भिजवून घातला की काम झाले. मसाला-मिठाची भाकरी मात्र नको. मऊ भाकरी दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक, पांढरा ठिपका दिसला की नाही. शेंगा चटणीबद्दल विचारणा होते. तिखटाची काळजी नाही, पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही, पण त्यातले मीठ आणि जुन्या शेंगदाण्यातली बुरशी या दोन कारणांनी चटणी खुराड्यापासून लांब ठेवावी. कांदा, हिरवट बटाटा, कच्चा राजमा आणि चॉकलेट हेही बाहेरच.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना यातले काही नाही, फक्त स्टार्टर खाद्य. तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्यांना, अर्धी मात्रा. मोठ्यांना उन्हाळा सोडून खाऊची वेळ दुपारी चार-साडेचार, म्हणजे मॅश पोटभर गेलेला असतो आणि अंडीही घालून झालेली असतात. ताटल्या कोंबड्यांच्या संख्येपेक्षा एक जास्त, एकमेकींपासून दोन हात लांब. एकाच ताटलीत ठेवले तर वरचढ कोंबडी सगळ्यांचे डाळिंब एकटी संपवते, आणि हिशोबातले १५ ग्रॅम तिच्या पोटात ७५ होतात.